लेदरचं किट घेऊ नका, आधी काय बनवायचंय ते ठरवा

"लेदरक्राफ्ट सुरू करायचंय, कुठलं किट घेऊ?" असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलंय. कुठलंच नको. आधी काय बनवायचंय ते सांग. मग समोरचा जरा हिरमुसतो, कारण किट मागवणं हाच अर्धा आनंद असतो, बॉक्स येणार, उघडणार, सगळं टेबलावर ओळीने मांडून फोटो काढणार, हे मलाही कळतं. पण त्या चाळीस तुकड्यांच्या किटमध्ये नक्की काय असतं ते एकदा बघा. निम्मे तर नक्षीचे ठसे. आणि हे ठसे उठतात फक्त व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर, तेही ते थोडं ओलं करून. तुम्ही सुरुवातीला जे स्वस्तातले तुकडे आणाल ते बहुतेक क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमने कमावलेले असणार, त्याच्यावर कितीही हातोडा मारा, ठसा दोन दिवसांत पुसट होतो. मग कडेचा कोपरा तासायचा एक बेव्हलर असतो ज्याला धारच नसते, भोक पाडायची एक आरी असते जी जाड चामड्यात वाकते, दहा रंगांचा दोरा असतो पण प्रत्येक रंगाचा इतका छोटा रीळ की एका पाकिटाला पुरत नाही. आणि ज्याच्यावर अख्खं काम उभं आहे ते भोकं पाडायचं चिझल, तेच सगळ्यात हलकं.

म्हणून उलटीकडून सुरू करा. समजा कार्ड होल्डर बनवायचाय. कार्ड सगळ्यांची एकाच मापाची, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, एटीएम कार्ड, पॅन, लायसन्स, आधारचं पीव्हीसी कार्ड सगळी तीच. दोन बाजूंना शिवणीची जागा धरून साधारण १०० मिमी रुंदीचा तुकडा, चामडं १ ते १.२ मिमी जाड. एवढं ठरलं की हत्यारं आपोआप ठरतात. कापायला कटर, स्टीलची पट्टी, खाली मॅट. भोकांना ४ मिमी अंतराचं चिझल. दोन सुया, दोरा, गोंद, कड घासायला पॉलिश पेपर. संपलं. पट्टा बनवायचा असता तर यादी वेगळी झाली असती, त्याला कदाचित सुईदोरा लागलाच नसता.

पाकिटाचं म्हणाल तर नेटवरचे पॅटर्न छापायच्या आधी नोट मोजा. हे कोणी सांगत नाही. आपली आत्ताची पाचशेची नोट १५० बाय ६६ मिमी. अमेरिकन डॉलरची नोट साधारण १५६ बाय ६६. त्यामुळे अमेरिकन पॅटर्न आपल्याला जवळजवळ तसाच चालतो, थोडा लांब पडतो इतकंच. पण युरोपातला पॅटर्न घेतलात तर ५० युरोची नोट ७७ मिमी उंच आहे, पाकीट उगाच ढब्बू होतं. २०१६ च्या आधीची आपली पाचशेची नोट १६७ बाय ७३ होती, म्हणून बाबांचं जुनं पाकीट उसवून त्याच्यावरून माप घ्यायचा विचार असेल तर आजच्या नोटा त्यात पोहतील.

आता एकेक हत्यार घेऊ. सगळ्यावर सारखं बोलणार नाही, कारण सगळं सारखं महत्त्वाचं नाहीच.

कापायला १८ मिमीचा साधा कटर पुरतो. ब्लेडचं टोक वेळच्या वेळी मोडत राहा, आपण मराठी माणसं ब्लेड मोडायला जीव टाकतो, अजून चाललं असतं म्हणतो, आणि बोथट ब्लेड चामडं कापत नाही, ओढतं. बारीक गोलाईसाठी आणि कड तासायला रापी घ्या. रापी म्हणजे चपला शिवणाऱ्यांकडे असतं ते रुंद पात्याचं हत्यार, ढकलून कापायचं. परदेशी व्हिडिओंमध्ये स्कायव्हिंग नाइफ म्हणून जे हजारोंना दाखवतात त्याचं काम ही रापी करते, फक्त विकत घेतल्यावर तिला धार नसते, ती आपण काढायची. दगडावर घासायची, मग चामड्याच्या एका पट्टीवर हिरव्या पॉलिशची वडी चोळून तिच्यावर उलट्या दिशेने ओढायची, हाताच्या पाठीवरचे केस निघाले की झालं. धार अशी लागली की १.२ मिमीच्या चामड्याची कड तासताना कागदासारखी कात निघते आणि बोटाखाली चामडं संपत जातंय हे कळतं. धार नसेल तर चामडं गोळा होतं, मग आपण जोर लावतो, मग ते आरपार जातं.

शिवणीची रेघ मारायला विंग डिव्हायडर लागतो म्हणतात. घरात कोणाची तरी जुनी कंपासपेटी असेल तर त्यातला दोन टोकांचा डिव्हायडर काढा, स्क्रू घट्ट करा, ३ मिमीवर लावा आणि एक टोक कडेबाहेर ठेवून ओढत न्या. सुरुवातीला मस्त चालतो. इयत्ता आठवीनंतर त्याला पहिल्यांदाच काम मिळालेलं असतं.

पैसे घालायचे ते चिझलमध्ये. डायमंड चिझल म्हणजे ज्याचे दात शंकरपाळ्यासारखे तिरके असतात ते. एक दोन दातांचं, एक सहा दातांचं, एकाच अंतराचं, बास. सहा दातांचं सरळ रेषेसाठी, दोन दातांचं कोपऱ्यात वळायला. पाकीट, कार्ड होल्डर, घड्याळाचा पट्टा असल्या गोष्टींना ३.८५ किंवा ४ मिमी, बॅग आणि पट्ट्याला ५ मिमी. ३.३८ वगैरे विचित्र आकडे दिसले तर गोंधळू नका, ते जुन्या फ्रेंच इंचातून आलेत. तो इंच आपल्या २७.०७ मिमीचा, त्यात आठ टाके बसवले की एक टाका ३.३८ चा होतो, सात बसवले की साधारण ३.८५ चा. सुरुवातीला इतकं बारीक जाऊ नका, बारीक टाक्यात हात जरा हलला तरी दिसतो. घेताना दात उजेडात धरून बघा, बाजू गुळगुळीत पॉलिश केलेल्या पाहिजेत. खडबडीत असतील तर चिझल आत जातं पण बाहेर यायला तयार नसतं, आणि ओढता ओढता चामडंच वर येतं. अगदीच तसं मिळालं तर बारीक पॉलिश पेपरने एकेक दात घासून काढता येतो, पण संध्याकाळ जाते.

चिझलवर लोखंडी हातोडा मारायचा नाही, डोकं पसरतं. नायलॉनचा घ्या. खाली एक जड दगड पाहिजे, किचनचा ओटा करताना उरलेला ग्रॅनाईटचा तुकडा मार्बलवाल्याकडे मागितला तर मिळून जातो, त्याच्यावर भाजी कापायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड ठेवायचा म्हणजे दात दगडावर आपटत नाहीत. आवाज मात्र खालच्या मजल्यापर्यंत जातो. आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी दोन ते चार मी सुईदोऱ्याचं काम काढते, ठोकाठोकी सकाळी. शेजारधर्म पण हत्यारच आहे एक.

दोरा आणि सुई. शिवण सॅडल स्टिच, म्हणजे एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. शिलाई मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण सुटत जाते. सॅडल स्टिचमध्ये एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोरा किती लागतो तर शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट, जाड चामडं असेल तर थोडा जास्त. पॉलिएस्टरचा मेण लावलेला, ४ मिमी टाक्याला ०.६ ते ०.८ मिमीचा. जर्मनीचा रित्झा टायगर थ्रेड सगळे नावाजतात आणि तो खरंच चांगला आहे, पण पहिल्या दिवसापासून लागतो असं नाही, साधा गोल मेणाचा दोरा चालतो. सुई टोकदार नको, बोथट टोकाची हार्नेस नीडल, जॉन जेम्सची ४ नंबर मिळाली तर छान, कारण भोक आधीच पाडलेलं असतं आणि टोकदार सुई दुसऱ्या दोऱ्याला भोसकून जाते, मग तो टाका मागे ओढता येत नाही.

टाका सारखा तिरका पडणं हे सगळं सवयीत आहे. भोकं तिरकी असतात म्हणून टाके पण छान तिरके झोपतात, पण दर टाक्याला तीच सुई आधी गेली पाहिजे, दुसरी सुई तिच्या त्याच बाजूने आली पाहिजे, आणि दोन्ही हातांनी ओढायचा जोर सारखा. मध्येच फोन वाजला, क्रम उलटला, की तो एक टाका आयुष्यभर वेगळा दिसतो. बाकी कोणाला दिसत नाही, आपल्याला दिसतो.

आपल्याकडचे स्टेशनबाहेर बसणारे काका दोन सुया वापरत नाहीत. त्यांच्या आरीच्या टोकाला बारीक खाच असते. आरी वरून आत जाते, खालचा हात दोरा त्या खाचेत अडकवतो, आरी वर येताना लूप घेऊन येते आणि त्या लूपमधून दोऱ्याचं दुसरं टोक निघतं. चिझल नाही, रेघ नाही, डिव्हायडर नाही, नुसता अंदाज, आणि मी एक बाजू शिवेपर्यंत त्यांची बॅगची अख्खी चेन बसवून होते. एकदा मुद्दाम उभं राहून बघा, खालचा हात बघा, सगळी कला खालच्या हातात आहे.

इथे एक बोलून टाकते. मी पहिल्यांदा कार्ड होल्डरचा फोटो टाकला तेव्हा "वा आर्टिस्ट" म्हणणारे पुष्कळ होते आणि एक काकू घरी येऊन "एवढं शिकून आता हे काम?" असंही म्हणून गेल्या. दोन्हीचं मूळ एकच आहे. आपल्याकडे चामड्याला हात कोणी लावायचा हे जातीने ठरवून दिलं होतं, म्हणून मी केलं की छंद, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं त्यांनी केलं की "ते काम". २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तिथे कोल्हापूरचं नाव नाही म्हणून आपण सगळे तावातावाने बोललो, ते बरोबरच होतं. पण त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या चप्पल लाईनला जाऊन घासाघीस करणारे पण आपणच होतो. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, आणि ती अजूनही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. परदेशी चॅनेलवर ज्याला व्हेज टॅन म्हणून डोक्यावर घेतात ते आपल्या पायात होतंच की.

असो. चामड्याकडे येते, कारण हत्यारांच्या नादात लोक ह्याच्यावर कंजूषी करतात.

व्हेज टॅन म्हणजे झाडाची साल, फळं ह्यांच्या टॅनिनने कमावलेलं, वेळखाऊ, कडक, कड घासली की चकाकते, वापरून वापरून रंग गडद होतो. क्रोम टॅन म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, एखाद-दुसऱ्या दिवसात होणारं, मऊ, पाण्याला जास्त टिकणारं, बाजारात बहुतेक हेच. दुकानात ओळखायचं तर कापलेली कड बघा, मधला थर निळसर राखाडी दिसला तर क्रोम. रंग न दिलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरतो आणि डाग गडद होतो. आणि "जेन्युइन लेदर" असा शिक्का बघून भुलू नका, त्याचा अर्थ फक्त चामडं आहे एवढाच, वरचा चांगला थर आहे की खालचा स्प्लिट हे तो सांगत नाही. फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर शाबूत असलेलं, आहे का ते विचारा.

मी ठाण्याहून धारावीला जाते, सायन-बांद्रा लिंक रोडच्या बाजूला लेदरची दुकानंच दुकानं आहेत. चामडं स्क्वेअर फुटावर मिळतं. प्रत्येक कातड्याच्या मागच्या बाजूला आकडा लिहिलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर एक छोटा आकडा, म्हणजे १८ वर छोटा २ असेल तर ती एकशेब्याऐंशी पण नाही आणि अठराचा वर्ग पण नाही, अठरा फूट आणि दोन पाव, साडेअठरा. हे माहिती असलं की दुकानदार जरा नीट बोलतो. नवीन असाल तर अख्खं कातडं घेऊच नका, तुकडे घ्या, त्यात पाच-सात कार्ड होल्डर आरामात निघतात आणि वेगवेगळी चामडी हाताखालून जातात. तुकडा दुमडून बघायचा, वरची बाजू आत घेऊन, मोठ्या ढिल्या सुरकुत्या पडल्या तर तो पोटाकडचा भाग. पाठीकडचं घट्ट असतं. पोटाकडच्या चामड्याचा पट्टा केलात तर तो ओढून ओढून लांबत जातो, मग आपल्याला वाटतं आपण बारीक झालो.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू ह्यांच्याही कत्तलीवर आहे, त्यामुळे इथलं मोठं चामडं म्हणजे म्हशीचं, बाकीचं बाहेरून येतं, कानपूर, चेन्नई, कोलकाता. म्हशीचं जाड असतं, वरचे छिद्र-दाणे मोठे दिसतात, पट्ट्याला आणि बॅगेला झकास, बारीक पाकिटाला जरा राकट. बकरीचं पातळ असूनही चिवट, पाकिटाच्या आतल्या अस्तराला माझं आवडतं. मेंढीचं हाताला लोण्यासारखं पण ताण सहन करत नाही, जॅकेटवाल्यांना सोडून द्या. जाडी जास्त असेल तर त्याच भागात मशीनवर स्प्लिट करून देतात, २ मिमीचं १.२ करून मिळतं, घरी रापीने अख्खा तुकडा पातळ करत बसू नका.

गोंद फेविकॉल एसआर ९९८. तो चपलावाले, सोफावाले सगळे वापरतात, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतो. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, हाताला चिकट लागेनासा झाला की मगच जोडायचा, ओला असताना जोडला तर सरकतो. गुळगुळीत बाजूवर लावायचा असेल तर आधी तेवढी कड पॉलिश पेपरने खरखरीत करा. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

कड गुळगुळीत करायला बाजारात जपानी टोकोनोले मिळतं, चांगलं आहे, महाग आहे. मी किराणा दुकानातला गोंद कतीरा, उन्हाळ्यात सरबतात घालतो तोच, रात्री भिजवून, गाळून, त्याची जेल व्हेज टॅनच्या कडेला लावते आणि जीन्सच्या तुकड्याने जोरात घासते. आधी ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मग जेल, मग घासणं, शेवटी मधमाशीच्या मेणाचा हात. घासताना कड गरम होते, आणि एका क्षणी खरखर थांबून कापड सरकायला लागतं, तिथे थांबायचं. क्रोम टॅनवर हे काहीच चालत नाही, त्याला एज पेंट.

घरच्या शिलाई मशीनबद्दल नेहमी विचारतात. १ मिमीच्या आतलं मऊ चामडं, लेदरची सुई घालून, एखाद वेळेस जाईल. त्याच्यापुढे नका ताणू, टायमिंग बिघडतं आणि मशीन आईचं असतं.

पट्टा मात्र लवकर करा, लोक उगाच घाबरतात. कापलेल्या पट्ट्या तयार मिळतात, ३५ किंवा ४० मिमी रुंद, ३.५ ते ४ मिमी जाड. शिवण नाही, बक्कल स्क्रूने धरलेलं, म्हणजे हत्यार म्हणून फक्त गोल पंच आणि कडेला बेव्हलर. सध्याच्या पट्ट्याचं माप बक्कलपासून वापरात असलेल्या भोकापर्यंत घ्यायचं, ते मधलं भोक, दोन्हीकडे २५ मिमीवर दोन-दोन. बक्कल घेताना खिशात लोहचुंबक न्या. चिकटलं तर लोखंड, सोनेरी मुलामा कितीही असो. मुंबईच्या दमट हवेत ते गंजतं, आणि व्हेज टॅनमधल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळा डाग पडतो, तो जात नाही. ओल्या व्हेज टॅनवर स्टीलची पट्टी विसरलात तरी तेच. चुंबक नाही चिकटलं तर हातात तोलून बघा, पितळ जड लागतं, जस्ताचं मिश्रण हलकं. पितळी बक्कलं मला मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला फिरल्यावर मिळाली, धारावीतही मिळतात, तिथे मुलामा जास्त.

आणि पावसाळ्यासाठी, चामडं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी आलीच म्हणून समजा. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून वरच्या कप्प्यात, भिंतीला न टेकवता. पांढरी बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्याने गॅलरीत जाऊन पुसा, घरात नको, आणि पंख्याखाली सुकवा, कडक उन्हात टाकलं तर ते कडक होऊन वाकतं. जून ते सप्टेंबर मी मोठं कातडं आणतच नाही, तुकड्यांवर काम भागवते.